कोंबडीची पाठ मांजराने ओरबाडली

घणसोली गावातून विचारतेय. आमच्या चंपीची पिसं उपटून चामडी उघडी पडलीय, कडेला रक्त सुकलंय. दाणे टिपतेय. सासूबाई म्हणतात हळद भरा. भरू?

— हळद राहू द्या ताई, आधी धुवा. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, सुई काढलेल्या सिरिंजने धार सोडा. मग बीटाडीन, फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून. वेगळी ठेवा, लाल दिसलं की बाकीच्या टोचून हैराण करतात.

— पावसाळा आहे, माश्या! खोक्यावर मच्छरदाणी टाका. अळ्या पडतात.

— मांजराचा दात लागलाय का बघा. भोक बारीक, आत पू. मग डॉक्टरच. औषध चालू असताना अंडी खायची की नाही तेही विचारा.

— पंखाखाली भोक सापडलं. रिक्षा बोलावलीय.