शब्द : देसापारेसीदो

अर्जेंटिनातल्या लष्करी राजवटीवरच्या (१९७६-८३) कादंबऱ्यांवर लेख लिहायला घेतलाय आणि पहिल्याच शब्दाला अडलोय. स्पॅनिश 'देसापारेसीदो', म्हणजे सरकारी माणसांनी उचलून नेलेली आणि पुढे कुठल्याच दप्तरात जिची नोंद सापडत नाही अशी व्यक्ती. १९८४च्या चौकशी आयोगाच्या अहवालात अशा ८,९६१ जणांची नोंद आहे. मानवाधिकार संघटना ३०,००० म्हणतात. सध्या 'बेपत्ता' लिहिलंय, पण मनाला पटत नाही. सुचवा.

—

'बेपत्ता' नकोच. बेपत्ता माणसाचा पेपरात फोटो येतो, 'रंग सावळा, अंगात निळा शर्ट', आणि पोलीस त्याला शोधत असतात (निदान तक्रार तरी लिहून घेतात). इथे नेणारेच ते. 'हरवलेला' तर त्याहून वाईट, जत्रेत हात सुटल्यासारखं.

'नाहीसा केलेला' म्हणा. आपल्याकडे होणे-करणे अशी जोडी तयारच आहे. स्पॅनिशमधलं मूळ क्रियापद अकर्मक, माणूस आपला आपण दिसेनासा होतो. हुकूमशहा विदेलाने १९७९च्या पत्रकार परिषदेत त्याचाच फायदा घेतला. देसापारेसीदो म्हणजे ना मेलेला ना जिवंत, त्याला अस्तित्वच नाही, असं तो म्हणाला. वाक्यातून कर्ता गुल! लोकांनी मग व्याकरणच वाकवलं. त्याच क्रियापदाला कर्म जोडून 'लो देसापारेसिएरोन' म्हणू लागले, म्हणजे 'त्याला त्यांनी नाहीसं केलं'. मेक्सिकोत तर आज हा प्रयोग सर्रास ऐकू येतो.

—

व्याकरण मान्य, शब्द नाही. 'नाहीसा केला' म्हणजे मारला, विषय संपला. प्लासा दे मायो चौकात १९७७पासून जमणाऱ्या, पुढे दर गुरुवारी डोक्याला पांढरा रुमाल बांधून फेऱ्या घालणाऱ्या, उचलून नेलेल्या मुलांच्या आया नेमकं हेच मानायला तयार नव्हत्या. १९७९मध्ये सरकारने अशा लोकांना मृत ठरवण्याची सोय करणारा कायदा आणला, तोही त्यांनी धुडकावला. त्यांची मागणी एकच : जिवंत नेलंत, जिवंत परत द्या. म्हणून 'गायब केलेला'. गायब केलेली वस्तू कुणाच्या तरी खिशात असते. लोकशाही आल्यावर, १९९४मध्ये, तिथल्या कायद्यानेही मृत्यूचा शिक्का न मारता 'सक्तीने गायब केल्यामुळे गैरहजर' असा वेगळा वर्ग केला.

जाता जाता आणखी दोन शब्द. पकडून नेलेल्याला 'चुपादो' म्हणत, शब्दशः 'चोखून घेतलेला', आणि छुप्या तुरुंगाला 'चुपादेरो'. इथे 'चोखणे' अगदीच आंब्याचं वाटतं, 'गिळला' चालेल. दुसरा 'त्रास्लादो', म्हणजे बदली. बदलीच्या यादीत नाव आलं की कैद्याला गुंगीचं इंजेक्शन देऊन विमानातून समुद्रात फेकत. तिथे मात्र 'बदली'च ठेवा, समजावून सांगू नका.

—

'गायब केलेला' घेतो. 'बदली' तर घेतोच.

हे वाचताना मार्तिन कोहानच्या 'दोस वेसेस हुन्यो' (२००२) या कादंबरीची सुरुवात आठवली. शीर्षकाचा अर्थ 'दोनदा जून'. काळ १९७८चा, देशात फुटबॉलचा वर्ल्डकप. सक्तीच्या भरतीतला एक पोऱ्या लष्करी कचेरीत उघडी पडलेली वही बघतो. तिच्यात एकच वाक्य : कितव्या वर्षापासून मुलाला यातना देणं सुरू करता येतं? त्याला खटकतं ते शुद्धलेखन. 'एम्पेसार' हा शब्द 'झेड'ने लिहायचा, लिहिणाऱ्याने 'एस'ने लिहिलाय. त्यांच्या उच्चारात दोन्ही सारखेच. तो पेन घेतो आणि तेवढं अक्षर दुरुस्त करतो.

आता 'एम्पेसार' म्हणजे नेमकं 'सुरू करणे'. आपल्याकडे निम्मे लोक 'सुरु' असंच ऱ्हस्व लिहितात. म्हणजे मराठीत वहीत ऱ्हस्व 'सुरु' लिहायचं आणि पोऱ्याला पहिला उकार खोडून दुसरा काढू द्यायचा. चालेल ना?

—

चालेल. फक्त मुद्रितशोधकाला आधी फोन करून ठेवा, नाहीतर तो छपाईपूर्वीच दुरुस्त करून टाकेल.