मदत हवी आहे: ‘निअर: ऑटोमाटा’तला देव ४० मिनिटांत कसा दाखवावा?

फोंड्यातल्या वाचनालयात या गेमवर ४० मिनिटं बोलायचंय. श्रोत्यांनी तो खेळलेला नाही, शेवट आधी कळला तरी चालेल. कारखान्यातला पंथ (शत्रुपक्षाची यंत्रं ‘देव होऊ’ म्हणत मरण पत्करतात) आणि पास्कल या शांतताप्रिय यंत्राची विनवणी, माझी स्मृती पुसा नाहीतर मला मारा, हे दोन प्रसंग लावायचे आहेत. मध्ये उलगडा: माणूस केव्हाच नामशेष झालाय, चंद्रावरची मानव परिषद बनावट. अँड्रॉइडना (माणसासाठी लढणाऱ्या मानवरूपी रोबोंना) ज्याच्यासाठी जीव द्यावा असा देव हवा, म्हणून तो रचला. माझ्या मते गाभा हाच.

पीएस४ आहे, चॅप्टर सिलेक्ट (हवा तो भाग निवडून खेळायची सोय) खुला आहे, सभागृहात नेट नाही. ‘ई’ शेवट (गेमच्या अनेक शेवटांपैकी एक) नको, त्यात सेव्ह, म्हणजे साठवलेला खेळ, पुसायचा का असं विचारतात. ईझीवर ऑटो चिप्स (पात्र आपोआप लढतं) लावूनही नायिका २बीच्या वाटेने कारखान्यातली मारामारी लांबते, संवाद सुटतात. तोच भाग तिचा साथीदार ९एसच्या वाटेने लावला तर पंथाचे संवाद पुरेसे येतात का, की कारखाना तोंडी सांगून सगळा वेळ पास्कलला द्यावा?