सुट्टीतलं भिंतचढाई शिबिर: तुमच्या घरचा अनुभव काय?

सुट्टी लागायच्या आधीच घरोघरी प्रश्न पडतो, मुलांना गुंतवायचं कशात? हल्ली कृत्रिम भिंतीवर चढाई शिकवणाऱ्या शिबिरांची चौकशी वाढली आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये (झालं २०२१ मध्ये) हा खेळ पहिल्यांदा आला, तेव्हापासून त्याचं नाव निदान कानावरून जाऊ लागलं. ज्यांची मुलं जाऊन आली आहेत त्यांनी लिहा. ‘मस्त होतं, खूप मजा आली’ एवढ्यावर सोडू नका. काय शिकवलं, काय खटकलं, पोरगं पुन्हा जायला तयार आहे का, तेही येऊ द्या.

आठ वर्षांच्या मुलीची आई
आमच्याकडे बोल्डरिंगचं शिबिर होतं. म्हणजे दोर नाही, भिंत साधारण चार-साडेचार मीटर आणि खाली जाड गाद्या. सुरुवातीला मुलांना वर जाऊच देईनात, नुसतं पडायला शिकवत होते! दोन्ही पायांवर उतरायचं, गुडघे सैल सोडायचे, हात छातीशी घ्यायचे आणि पाठीवर मागे लोळायचं. पडताना हात मागे टेकायचा नाही, हे तर घोकूनच घेतलं. मला वाटलं, पैसे पाण्यात. पण मनगट आणि कोपर मोडतात ते याच सवयीने, हे नंतर कळलं. दुसरा नियम म्हणजे कुणी भिंतीवर असेल तर त्याच्या खालून जायचं नाही आणि गादीवर बसून गप्पा मारायच्या नाहीत. लेक आता घरात हा नियम आम्हाला लावते.

बाबा, दोन मुलांचे
बूट विकत घेऊ नका. भाड्याने मिळतात आणि या वयात पाय भराभर वाढतो. नखं कापून, केस बांधून पाठवा. अंगठी, कडं, बांगडी घरीच राहू दे. होल्डमध्ये (भिंतीवरच्या पकडायच्या खुंटीत) अंगठी अडकली आणि शरीराचा भार तिच्यावर आला, तर बोटाचं काय होतं ते इथे लिहीत नाही.

पूर्वी अशा शिबिरात शिकवत होते
पालक भिंत किती उंच, रंग किती, एवढंच बघतात. दोर लावून चढवत असतील, तर बघायचं ते दोराच्या दुसऱ्या टोकाला. दोर कोण धरतंय? शिकाऊ मुलं एकमेकांना बिले देत असतील (म्हणजे खालून दोर धरून चढणाऱ्याला सांभाळत असतील), तर धरणाऱ्याच्या हातामागचा दोर हातात धरून मोठं माणूस शेजारी उभं हवं. चढणारा जड आणि धरणारा हलका असेल तर धरणाराच उचलला जातो, म्हणून त्याला जमिनीला बांधून ठेवतात किंवा जोड्या वजन बघून लावतात.

चढण्याआधी दोघांनी एकमेकांचं तपासायचं: दोराची आठाची गाठ, हार्नेसचे (अंगाला बांधायच्या पट्ट्याच्या साजाचे) पट्टे, कॅराबिनरचं (दोर अडकवायच्या कडीचं) लॉक. प्रत्येक वेळी, अगदी कंटाळा येईपर्यंत. लहान मुलांची कंबर अजून भरलेली नसते, उलटं झालं तर कमरेचा हार्नेस निसटू शकतो. त्यांना खांद्यावरून येणारा पूर्ण अंगाचा हार्नेस लागतो. हा प्रश्न आधी फोनवरच विचारा, उत्तर देताना समोरचा चाचरला तर दुसरीकडे चौकशी करा.

आणि ऑटो-बिले. यंत्र दोर आपोआप ओढून घेतं, मूल सुटलं की हळू खाली आणतं. पण हूक अडकवायलाच विसरलं तर यंत्र काय करणार? चांगल्या ठिकाणी त्या रूटच्या (चढायच्या वाटेच्या) पायथ्याशी आडवा पडदा असतो. हूक काढून घेतल्याशिवाय तो बाजूला होत नाही, त्यामुळे विसरायला वावच राहत नाही.

घाबरट मुलाची (त्याचाच शब्द) आई
आमचा चढला झरझर. वर पोचला आणि तिथेच चिकटला. खालून सगळे ‘सोड, सोड’ करताहेत आणि हा होल्ड सोडेना. उंचीचं सोडा, पाठीमागे काही नसताना मागे बसायचं, याचीच भीती. प्रशिक्षक मुलीने आवाज चढवला नाही. त्याला थोडं खाली उतरायला सांगितलं आणि तिथे दोरावर बसवून बघितलं. मग जरा वर, परत बसवलं. त्या दिवशी तो वरपर्यंत गेला नाही, तरी घरी आला तो फुशारक्या मारतच. या मुलीसाठी मी पुन्हा तिथेच घालीन.

फिजिओथेरपिस्ट, आणि एका आठवीतल्या मुलाचे वडील
मुलाला चटक लागली तर एक लक्षात ठेवा. वाढीच्या वयात बोटांच्या हाडांची टोकं अजून कूर्चेची असतात, जोराने उंची वाढते तेव्हा तर ती फारच नाजूक. अंगठा वर दाबून बोटं मुडपून धरायची पकड सारखी वापरली, की तिथे ताण येऊन इजा होते. बोटाच्या मधल्या सांध्याच्या पाठच्या बाजूला (तळव्याच्या उलट) दुखत असेल तर चढाई थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. ‘स्नायू दुखतोय, होईल बरं’ म्हणून ढकलू नका. उघड्या हाताची पकड शिकवणारं आणि फक्त बोटांवर लटकायचे व्यायाम या वयात न देणारं शिबिर मला पटतं.

वरच्यांशी थोडा असहमत
सगळे सुरक्षेचंच लिहिताय, मुलं पळून जातील! माझ्या पुतणीला ओढ लागली ती वेगाची. स्पर्धेची भिंत १५ मीटर, होल्ड जगभर एकाच मांडणीचे. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये अमेरिकेच्या सॅम वॉटसनने ती ४.७४ सेकंदांत चढली, हे तिला तोंडपाठ. शिबिरात मात्र घड्याळ लावू दिलं नाही. आधी पाय नीट ठेव, म्हणाले. रुसली होती. मलाही तेव्हा जरा कडकच वाटलं, अजूनही वाटतं.

आईच्या फोनवरून, वय ११
मला कोडं सोडवायला आवडतं. एकाच रंगाचे होल्ड घ्यायचे, आणि उंच मुलाला जे जमतं ते मला तसं जमत नाही, मग मी पाय वर घेऊन वेगळं करते. भाड्याच्या बुटांना वास येतो. पालकांनी खालून ‘डावा हात, डावा हात’ असं ओरडू नये, आम्हाला दिसतंय.