पोळीभाजी केंद्रासाठी स्वतःचं अ‍ॅप करून घ्यावं का? (नौपाडा, ठाणे)

नौपाडा_किचन
नमस्कार मंडळी. नौपाड्यात आमचं पोळीभाजी केंद्र आहे, आईने सुरू केलेलं, आता मी आणि वहिनी बघतो. महिन्याचे साठेक डबे आहेत, शिवाय काउंटरवर सुट्या पोळ्या आणि सणावाराला पुरणपोळी, मोदक. ऑर्डर सगळी फोनवर आणि वहीत. गेल्या गणपतीत एका काकूंचे २१ मोदक वहीत लिहायचेच राहिले. काकू चतुर्थीला सकाळी डबा घेऊन दारात उभ्या, त्यांच्याकडे गुरुजी येऊन बसलेले, शेवटी आईने आमच्या घरच्या नैवेद्याचे काढून ठेवलेले मोदक त्यांना दिले. मला ते अजून विसरता येत नाही. आता एक जण ६० हजारात स्वतःचं अ‍ॅप करून देतो म्हणतोय, वर्षाचा मेंटेनन्स वेगळा. आमच्याएवढ्या धंद्याला खरंच उपयोग होतो का?

डबेवाली_कोपरखैरणे
दादा, बाकीचं नंतर, आधी खाड्यांचं बघा. माझे ४० डबे, बरीचशी महापेला नोकरीला असलेली मुलं. महिनाअखेरीला दर वेळी तोच वाद, मी म्हणणार ३ खाडे, मुलगा म्हणणार ५, आणि वहीत पेन्सिलीची फुली तेलाचा हात लागून पुसलेली. गेल्या वर्षीपासून मी डबेवाल्यांसाठीचं एक तयार अ‍ॅप महिन्याच्या भाड्याने घेतलंय, त्यात गिऱ्हाईक रात्री ९ पर्यंत 'उद्या नको' दाबतं, खाडा आपोआप लागतो, तो त्यालाही दिसतो आणि मलाही. वाद संपले. आणि सव्वानऊला मला कळतं उद्या ३४ आहेत की ३८, त्या हिशोबाने कणीक भिजवते, आधी अंदाजाने करायचे तेव्हा रोज पोळ्या उरायच्या, ते बघून फार जीवावर यायचं. माझ्यासाठी अ‍ॅपचा फायदा म्हणजे हा.

ऐरोली_कोडर
मी अ‍ॅप बनवायचंच काम करतो, तरी मनापासून सांगतो, लगेच ६० हजार घालू नका. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस २०१८ पासून आहे आणि फुकट आहे. त्यात कॅटलॉग करा, ५०० पर्यंत पदार्थ फोटो आणि भावासकट बसतात. प्रत्येक चॅटला लेबल लावता येतं, 'मोदक चतुर्थी', 'पैसे बाकी' असं. तुमच्या काकूंचे २१ मोदक लेबलखाली दिसले असते. एक लक्षात ठेवा, ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच मेसेज एकदम सगळ्यांना, फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो, म्हणून काउंटरवरच गिऱ्हाइकाला नंबर सेव्ह करायला सांगा.
स्वतःचं अ‍ॅप करायचंच असेल तर प्ले स्टोअरचं खातं तुमच्या नावावर काढा, बनवणाऱ्याच्या नको. फी एकदाच २५ डॉलर, अ‍ॅपलची मात्र दर वर्षी ९९ डॉलर. खातं वैयक्तिक आणि नवीन असेल तर आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस टेस्टिंग करून घ्यावं लागतं मगच अ‍ॅप सगळ्यांसाठी टाकता येतं, त्यामुळे गणपतीच्या आठ दिवस आधी 'देतो करून' म्हणणाऱ्यावर विसंबू नका. आणि सोर्स कोड (ज्यावर अ‍ॅप चालतं तो मूळ प्रोग्राम), गिऱ्हाइकांची यादी कुणाकडे राहणार ते आधी लिहून घ्या.

घोडबंदर_किराणा
वरच्यांशी सहमत. मी कासारवडवलीत किराणा चालवतो, आजूबाजूला सगळे टॉवर, दहा मिनिटांत सामान आणून देणारे रोज गेटवर. तरी माझी गिऱ्हाइकं टिकली कारण मागच्या महिन्याची यादी माझ्या अ‍ॅपमध्ये असते, ताई फक्त 'तेच पाठवा' म्हणतात, मग पोरगा तासाभरात पोचवतो. डिलिव्हरी कंपनीच्या अ‍ॅपवर गिऱ्हाईक कंपनीचं असतं आणि कमिशनही जातं, इथे ते माझं आहे. पैसे यूपीआयने, २०२० पासून दुकानदाराला बँक खात्यातून आलेल्या यूपीआयवर एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून कापलं जाणारं कमिशन, नाही.

घंटाळीकर
मी धंदेवाला नाही, गिऱ्हाईक आहे. माझी आई ७२ वर्षांची, तिचा डबा अशाच एका केंद्रातून यायचा, त्यांनी अ‍ॅप आणलं आणि फोन उचलणंच बंद केलं. तिला ओटीपी जमेना, डबा सुटला. कृपा करून फोन चालू ठेवा.

डबेवाली_कोपरखैरणे
अगदी बरोबर. माझ्याकडे पाच-सहा आजीआजोबा आहेत, ते फोन करतात, त्यांचा खाडा मी स्वतः अ‍ॅपमध्ये टाकते. पाच मिनिटांचं काम.

नौपाडा_किचन
सगळ्यांचे खूप आभार. वहिनीला आत्ताच वाचून दाखवलं. या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, पुढच्या महिन्यापासून खाड्यांसाठी ताई म्हणतात तसलं भाड्याचं अ‍ॅप, फोन आहे तसाच चालू. स्वतःच्या अ‍ॅपचं दिवाळीनंतर बघू. ताई, एकच विचारायचंय, आमचा रविवारी संध्याकाळचा डबा बंद असतो, तो खाड्यात धरायचा का?

डबेवाली_कोपरखैरणे
नाही हो. महिन्याचा दर ठरवतानाच रविवार संध्याकाळ वगळा आणि अ‍ॅपमध्ये सुट्टी म्हणून टाका, खाडा म्हणून टाकलात तर महिनाअखेरीला परत मोजत बसाल.