कुत्रा गोल गोल का फिरतो? तुमचे अनुभव लिहा

उंबरठा

कुत्रा पाळणाऱ्याला घिरट्या नव्या नाहीत. झोपायच्या आधी अंथरुणावर दोन-तीन फेऱ्या, शी करायच्या आधी जागेभोवती फेऱ्या, आपण बाहेरून आलो की आपल्या पायांभोवती फेऱ्या. त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण हाच प्राणी एखाद्या दिवशी एकाच बाजूला फिरत राहतो, हाकेला मान वर करत नाही, तेव्हा पोटात गोळा येतो. साधी सवय कुठली आणि आजार कुठला, हे ज्यांनी घरात पाहिलंय त्यांनी सांगावं म्हणून हा धागा.

लिहिताना एवढं जरूर सांगा: केव्हा फिरतो, कुठल्या बाजूला फिरतो, आणि हाक मारली की त्यातून बाहेर येतो का. माझ्या मते अर्धं निदान यातच असतं. फेऱ्या किती मारल्या याला तेवढा अर्थ नाही. डार्विनने १८७२ सालच्या पुस्तकात एका कुत्र्याची नोंद केली आहे. तो झोपायच्या आधी गालिच्यावर १३ वेळा फिरला म्हणे. (डार्विनने त्या बिचाऱ्याला अर्धवट ठरवलंय, ते सोडा.) रानातले पूर्वज गवत तुडवून खळगा करत, त्या सवयीचं हे उरलेलं रूप, असं त्याचं म्हणणं. १३ फेऱ्या झाल्या तरी शेवटी तो झोपला ना, मग झालं.

आमची म्हातारी लॅब्रॅडॉर मात्र फिरायची, अर्धी बसायची, उठायची, पुन्हा फिरायची. दोन्ही बाजूंना फिरायची आणि हाक मारली की लगेच यायची, म्हणजे डोक्यात काही गडबड नव्हती. डॉक्टरांनी कंबर आणि मागचे गुडघे दाबून पाहिले. संधिवात. बसताना दुखायचं, म्हणून ती बसणंच लांबणीवर टाकत होती. दुखण्यावरचं औषध आणि जाड गादी मिळाल्यावर फेऱ्या पूर्वीसारख्या दोन-तीनवर आल्या.

वेलांटी

आमच्याकडे बॉर्डर कोली, म्हणजे मेंढ्या राखणाऱ्या जातीचा कुत्रा आहे, त्यामुळे आमचं सगळं कुटुंबच गोलात असतं. मुलं अंगणात पांगली की हा बाहेरून वेढा घालत त्यांना मधे आणतो. धाकटी चिडते. आजार वगैरे काही नाही, मेंढ्या नाहीत एवढीच त्याची अडचण. चेंडू शोधायला लावला की फेऱ्या बंद.

रानवाट

शी करण्याआधीच्या फेऱ्यांवर चक्क संशोधन झालंय, ते इथे टाकतो. जर्मनी आणि चेक प्रजासत्ताकातल्या शास्त्रज्ञांनी ३७ जातींची ७० कुत्री दोन वर्षं पाहिली आणि १,८९३ वेळा शी करताना कुत्र्याचं तोंड कुठे होतं ते लिहून ठेवलं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असेल तेव्हा कुत्री उत्तर-दक्षिण रेषेत बसणं पसंत करतात, असा निष्कर्ष निघाला. २०१३ च्या अखेरीस निबंध आला आणि २०१४ मध्ये त्याला इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस मिळालं. मी होकायंत्र घेऊन आमच्या बीगलच्या मागे उभा राहून पाहिलं. त्याला उत्तरेपेक्षा काल तिथे कोण येऊन गेलं याच्या वासात जास्त रस आहे, असं माझं मत झालं.

कानामात्रा

आमचा अनुभव जरा मोठा आहे, पण लिहिते, कारण हे अचानक झालं की माणूस हादरतो.

मिश्र जातीचा कुत्रा, वय चौदाच्या पुढे. रात्री नीट जेवून झोपला. सकाळी उठायला गेला आणि उजव्या कुशीवर कोसळला. पुन्हा उठला, तर मान उजवीकडे कललेली आणि उजवीकडेच छोट्या छोट्या गिरक्या. भिंतीला टेकला तेव्हा कुठे थांबला. मग उलटी. जवळ जाऊन पाहिलं तर बुबुळं आडवी लुकलुकत होती, हळू एका बाजूला सरकायची आणि झटक्यात परत यायची. घरात सगळ्यांच्या तोंडी एकच, याला अर्धांगवायू झाला. शेजारच्या काकांनी तर कायमचं झोपवण्याचा विषयही काढला.

मी टॉवेल त्याच्या पोटाखालून घेऊन त्याला उचलून धरलं आणि तसंच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी दोन्ही कान आतपर्यंत पाहिले. मग एकेक पंजा उलटा करून जमिनीवर ठेवला, तर त्याने लगेच सरळ केला. चारही पायांचं तेच. डॉक्टर म्हणाले, "हे चांगलं लक्षण आहे. मेंदूला पायांचा पत्ता आहे." गडबड आतल्या कानाच्या तोल सांभाळणाऱ्या भागात. म्हाताऱ्या कुत्र्यांत ती कारणाशिवाय उपटते आणि बहुतेकदा आपोआप ओसरते. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट, मग उतार, दोन-तीन आठवड्यांत बरंचसं ठीक, असं त्यांनी सांगितलं आणि साधारण तसंच झालं. मळमळीवरचं औषध दिलं, सलाइन लावलं. बाकी काम घरातलं.

घरातलं काम म्हणजे काय ते सांगते. गुळगुळीत फरशीवर सतरंज्या अंथरल्या. जिना अडवला. भांडं जमिनीवरून उचलून छातीच्या उंचीला धरलं, कारण मान खाली घातली की तो पुढे कोलमडायचा. रात्री दिवा चालू ठेवला, कारण कान दगा देत असताना तोल डोळ्यांच्या भरवशावर असतो आणि अंधारात तोही आधार जातो. त्याला सारखं उचलून घेणं मुद्दाम टाळलं. पाय जमिनीवर असले की त्याला खाली-वर कळत होतं, उचललं की घाबरून हातपाय झाडायचा.

मान अजून किंचित उजवीकडे कललेली आहे. फोटोत रुबाबदार दिसतो.

पशुवैद्य

कानामात्रा ताई, फार नीट लिहिलंत. थोडी भर घालतो.

मान कलणे, त्याच बाजूला छोट्या गिरक्या आणि आडवी लुकलुकणारी बुबुळं, पण कुत्रा शुद्धीत आणि पंजे सरळ करतोय, असं असेल तर बहुधा कानाकडचा मामला. बुबुळं वर-खाली हलत असतील, पंजा उलटाच राहत असेल किंवा कुत्रा गुंगीत असेल तर मेंदूकडे पाहावं लागतं. मेंदूच्या पुढच्या भागातल्या दुखण्यात वर्तुळं मोठी असतात, मान सहसा कललेली नसते, आणि कुत्रा ज्या बाजूला दुखणं त्या बाजूला वळत राहतो.

दोन गोष्टी पालकांच्या हातातल्या. कान जुना वाहत असेल तर घरात पडलेले थेंब आपल्या मनाने घालू नका. पडदा फाटलेला असेल तर काही थेंबांतलं औषध आतल्या कानालाच इजा करतं. दुसरं, जुलाबासाठी दिलं जाणारं मेट्रोनिडाझोल जास्त मात्रेत किंवा फार दिवस गेलं की असाच तोल जातो. कुत्र्याला कुठलं औषध चालू आहे ते डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.

आणि फोनवर व्हिडिओ काढून आणा. दवाखान्याच्या टेबलावर निम्मी कुत्री शहाण्यासारखी उभी राहतात.

पाऊलखुणा

आमचं यॉर्कशायर टेरिअरचं पिल्लू. भावंडांत सगळ्यात बारकं. हुशार होतं, पण जेवण झालं की तासाभरात वेगळंच वागायचं. खोलीच्या कडेकडेने गोल फिरायचं, मग भिंतीला कपाळ दाबून उभं राहायचं. लाळ गळायची. थोड्या वेळाने पुन्हा ठीक. फिट म्हणावी तर पडत नव्हतं. "जेवण झालं की" हे शब्द ऐकले आणि डॉक्टरांचे कान टवकारले. उपाशीपोटी आणि जेवल्यावर दोन तासांनी रक्त घेऊन पित्ताम्लं तपासली, त्यावरून यकृताचं काम कळतं. निघालं काय, तर जन्मतःच एक जादा रक्तवाहिनी, जी आतड्याकडचं रक्त यकृताला वळसा घालून पुढे पाठवत होती. प्रथिनं पचताना तयार होणारा अमोनिया यकृतात गाळला जायला हवा, तो थेट मेंदूपर्यंत पोचत होता.

आधी अमोनिया कमी करणारं लॅक्ट्युलोज, प्रतिजैविक आणि वेगळा आहार. मग शस्त्रक्रिया. त्या वाहिनीभोवती एक कडी बसवतात, ती आतून फुगत काही आठवड्यांत वाहिनी हळूहळू बंद करते. एकदम बांधली तर यकृताला तेवढा प्रवाह झेपत नाही म्हणून. आता जेवल्यावर फक्त ढेकर देतं.

उंबरठा

हे मला अजिबात ठाऊक नव्हतं. "केव्हा" हा प्रश्न वरच्या यादीत होता, पण जेवणाशी संबंध असेल असं डोक्यात आलं नसतं.

गच्चीवरून

बुल टेरिअर. शेपटीमागे गिरक्या. सहाएक महिन्यांचा असताना सुरू झालं. पाहुणे टाळ्या वाजवायचे, आणि टाळी म्हणजे कुत्र्याला बक्षीस. पुढे शेपटीचं टोक रक्ताळलं तेव्हा टाळ्या थांबल्या. आधी पिसवा, गुदग्रंथी, शेपटीचं दुखणं, फिट हे सगळं तपासून झालं. काही नाही. म्हणजे मनाचा चाळा.

बुल टेरिअर आणि जर्मन शेफर्ड यांत हा चाळा जास्त दिसतो. फिनलंडमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ३६८ कुत्र्यांच्या अभ्यासात शेपटीमागे धावणारी कुत्री बुजरी असल्याचं आणि आईपासून लवकर तोडलेली असल्याचं दिसलं. आमचा दोन्ही बाबतींत बसतो. ओरडणं, धरून ठेवणं याने वाढतं. आमच्याकडे फ्लुओक्सेटीन सुरू केलं, त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे गेले. त्याच्या जोडीला वासाचे खेळ, ठरलेल्या वेळी फिरणं, आणि गिरकी सुरू व्हायच्या आधी, म्हणजे मान शेपटीकडे वळली की लगेच दुसरं काम. गिरकी सुरू झाल्यावर काही ऐकत नाही. पूर्ण गेलेलं नाही. दारावरची घंटा वाजली की अजून दोन गिरक्या होतात आणि आम्ही त्याकडे बघत नाही.

निवांत

आमच्या आजीबाई सोळा वर्षांच्या होत्या. संध्याकाळ झाली की जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या सुरू, बहुधा एकाच दिशेने. दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभी राहून दार उघडायची वाट बघायची. सोफ्यामागे शिरायची आणि मागे कसं यायचं ते आठवायचं नाही. दिवसा झोप, रात्री जागरण. हाक मारली तर यायची, पण माझ्याकडे पाहून "हा कोण" असा चेहरा.

डॉक्टरांनी आधी डोळे, रक्तदाब, मूत्रपिंड पाहिलं आणि मग म्हातारपणाचा स्मृतिभ्रंश सांगितला. माणसांच्या अल्झायमरमध्ये सापडतात तशीच प्रथिनांची पुटं या कुत्र्यांच्या मेंदूत सापडतात. सेलेजिलीन दिलं, थोडा फरक पडला. खरा फरक पडला तो घर गोठवून ठेवल्याने. सामान हलवायचं नाही, कोपरे उशांनी बंद, रात्री मंद दिवा, जेवण-फिरणं घड्याळावर. टेबलाभोवतीच्या फेऱ्या मी थांबवल्या नाहीत. थांबवलं की कण्हायची. खुर्च्या आत सरकवून वाट मोकळी करून दिली.

पशुवैद्य

निवांत, योग्य केलंत. हे वाटतं तेवढं दुर्मीळ नाही. २००१ सालच्या एका अभ्यासात ११-१२ वर्षांच्या २८ टक्के आणि १५-१६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत याचं किमान एक लक्षण सापडलं होतं. "वय झालं" म्हणून लोक दाखवत नाहीत.

पैलतीर

थोडक्यात लिहितो, जास्त लिहवत नाही. जर्मन शेफर्ड, नऊ वर्षं. डावीकडे मोठी वर्तुळं. भांड्यातलं डाव्या अर्ध्यातलंच खायचा, उजवं तसंच. भांडं फिरवलं की उरलेलं संपवायचा. त्या आधी आयुष्यात कधी नाही ती फिट आलेली. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात गाठ दिसली. स्टिरॉइडवर काही महिने चांगले गेले. कुणाचा कुत्रा अर्धं भांडं ठेवत असेल तर नखरे समजू नका, डोकं तपासून घ्या.

चौकट

प्रश्न आहे, लगेच उत्तर मिळालं तर बरं. आमच्या इमारतीच्या आवारात एक अनोळखी भटकं कुत्रं आलंय. सकाळपासून गोल फिरतंय, मधेच जबडा चावल्यासारखा हलवतं, एका पायाला सतत झटके. मुलं त्याला पाणी द्यायला जातायत. मी पकडून दवाखान्यात नेऊ का?

पशुवैद्य

पकडू नका. मुलांना आधी आत घ्या. जबड्याचे झटके आणि पाय उडणं डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजारात होतं, आणि डिस्टेंपर माणसाला होत नाही. पण लसीची माहिती नसलेल्या, विचित्र वागणाऱ्या कुत्र्यात रेबीज नाही असं लांबून कुणीही सांगू शकत नाही. पाण्याला घाबरत नाही म्हणजे रेबीज नाही, यावर विसंबू नका. कुत्र्यांत ते लक्षण धरून चालत नाहीत.

फाटक बंद करून त्याला एका जागी अडवता येत असेल तर लांबूनच अडवा आणि प्राणी पकडणाऱ्या प्रशिक्षित लोकांना बोलवा. तुमचे पाळलेले कुत्रे त्याच्या जवळ जाऊ देऊ नका, डिस्टेंपर हवेतूनही पसरतो. त्याने कुणाला चावलं, ओरखडलं किंवा उघड्या जखमेला चाटलं असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि आजच लस सुरू करा. "कुत्र्याचं काय होतं ते बघू" म्हणून थांबायचं नाही. कुणाला चाटलंय का ते मुलांना एकेकाला वेगळं विचारा, सगळ्यांसमोर सांगत नाहीत.

चौकट

फाटक लावलं. माणसं निघालीत म्हणाले. एकाच्या खरचटलेल्या गुडघ्याला चाटलंय म्हणतो. धुतोय, मग थेट दवाखान्यात.