रोजच्या वापराला सेकंडहँड डिझेल पिकअप : जुनं साधं इंजिन की नवं डीपीएफवालं?

बारानंबरी :
आठवडाभर कामावर जायला-यायला आणि सुट्टीच्या दिवशी सामान वाहायला एकच डिझेल पिकअप घ्यायचीय, वापरलेली. माझं मत आधीच मांडतो. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी, यायच्या आधीची गाडी घ्यावी, रनिंग कितीही असो. अमेरिकन पिकअपमध्ये ही गाळणी २००७ पासून आली आणि २०१० नंतर तिच्या जोडीला धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या युरियाची टाकी आली. त्याआधीचं डॉज पिकअपमधलं कमिन्सचं ५.९ लिटर इंजिन किंवा फोर्डचं ७.३ घ्या. जुन्या, बारा व्हॉल्व्हच्या कमिन्सचा डिझेल पंप तर पूर्ण मेकॅनिकल. डिझेल आणि हवा मिळाली की इंजिन चालतं. तीन लाख किलोमीटर पडलेली अशी गाडी मी नव्वद हजार पडलेल्या नव्या गाडीच्या आधी घेईन. पटत नसेल तर कारणासकट लिहा.

काजळी :
अजिबात पटत नाही. 'डीपीएफच्या आधीचं' हा निकषच चुकीचा आहे. फोर्डचं ६.० लिटर, २००३ ते २००७, त्यातही डीपीएफ नव्हता. पण ऑइल कूलर चोंदतो, त्यामागून ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणारा भाग, फुटतो, मग इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं हेड गॅस्केट. तुमच्या लाडक्या बारा व्हॉल्व्हमध्ये पुढच्या कव्हरच्या आतली एक छोटी पिन सैल होऊन गिअरमध्ये पडू शकते आणि इंजिन फुटतं. त्यानंतरच्या चोवीस व्हॉल्व्हवाल्या कमिन्सचा सुरुवातीचा पंप डिझेलच्याच प्रवाहावर थंड राहतो. टाकीकडून डिझेल ढकलणारा पंप अशक्त झाला की मोठा पंपही जातो.

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही. गाडी रोजची आहे, घरची माणसं बसणार आहेत. नव्वदच्या दशकातल्या पिकअपला घसरताना सावरणारी ईएससी नाही, बाजूच्या एअरबॅग नाहीत. पावसात रिकाम्या हौद्याची गाडी मागून कशी सुटते हे ज्याने अनुभवलंय तो इंजिनाच्या आधी याचा विचार करेल.

बारानंबरी :
६.० चं मान्य, ते कुणालाच सुचवणार नाही. पण ती पिन एक पट्टी लावून कायमची अडवता येते. माहीत असलेला दोष मला परवडतो. २०११ नंतरच्या काही फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या ड्युरामॅक्स इंजिनांमधला सीपी४, म्हणजे जास्त दाबाने डिझेल सोडणारा पंप, कधी जाईल हे कोण सांगणार? तो आतून झिजला की धातूचा चुरा नोझलपर्यंत पोचतो आणि अख्खी डिझेल लाइन बदलावी लागते. सुरक्षिततेचा मुद्दा मात्र मी खरंच धरला नव्हता.

फिटरचा_पोरगा :
तुम्ही दोघं इंजिनांवर भांडताय, पण मूळ प्रश्न कुणी विचारलाच नाही. रोजचं अंतर किती?

पाच-सहा किलोमीटरचं असेल तर दोन्ही गाड्या चूक. तेवढ्यात डिझेल इंजिन नीट तापतच नाही. त्यात नव्या गाडीच्या गाळणीतली काजळी जाळायला आत सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं आणि गाडी सलग चालावी लागते. मधेच किल्ली फिरवली की ते काम अर्धवट राहतं. बऱ्याच गाड्यांत ही गाळणी तापवायला सिलिंडरमध्येच जास्तीचं डिझेल सोडतात. त्यातलं काही भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं.

हे मी पैसे मोजून शिकलोय. कमी रनिंगची, काचेसारखी चकचकीत गाडी घेतली होती. डिपस्टिक काढली, ऑइल खुणेच्याही वर. मला वाटलं, मालकाने काळजी घेतलीय. ते डिझेल होतं. वास घेतला असता तर कळलं असतं. चार महिन्यांत टर्बोचं बेअरिंग गेलं. आधीचा मालक रोज फक्त दोन किलोमीटर चालवायचा, हे नंतर कळलं.

सरळरस्ता :
डीपीएफ काढून टाका, विषय संपला.

काजळी :
संपत नाही. अमेरिकेत आणि युरोपात ते बेकायदा आहे. आणि ती काजळी मागच्या सायकलवाल्याच्या छातीत जाते. आपली गाडी सोपी करायला दुसऱ्याचा श्वास नको.

बारानंबरी :
माझं अंतर एका बाजूने ३५ किलोमीटर, बहुतेक मोकळा रस्ता.

फिटरचा_पोरगा :
मग नवीही चालेल, पण किलोमीटर बघून फसू नका. मीटरमध्ये इंजिनाचे तास दिसत असतील तर किलोमीटरला तासांनी भागा. १,६०,००० किलोमीटर आणि ६,००० तास म्हणजे ताशी सरासरी २७. ती गाडी बराच वेळ जागेवर उभी राहून चालू होती. तेच ३,००० तास असतील तर ती मोकळ्या रस्त्याची गाडी.

जुनी असेल तर चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उलटं ठेवा. उडून पडलं तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब खाली ऑइलकडे गळतोय, पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. सेल्फ मारल्यावर पांढरा धूर थोडा वेळ चालतो, इंजिन गरम झाल्यावरही राहिला तर सोडा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. चासी हातोडीने ठोकत जा, गंज धरलेली जागा बद्द आवाज देते. नुकताच काळा रंग मारलेला असेल तर तिथेच जास्त ठोका. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये जादा पट्टी घातलेली दिसली तर तिने मोठं ओझं वाहिलंय.

काजळी :
आणि स्कॅनर लावल्याशिवाय नवी गाडी घेऊ नका. गाळणीत किती काजळी साठलीय आणि ती शेवटची कधी जाळली गेली, हे त्यात दिसतं. किती किलोमीटरच्या अंतराने जाळावी लागतेय तेही बघा. अंतर फार कमी झालं असेल तर गाळणी भरत आलीय.

बारानंबरी :
मन अजून जुन्याकडेच ओढतंय, पण दोन्ही बघणार. एक २००६ ची ड्युरामॅक्स, डीपीएफ नाही, पंपही सीपी४ नव्हे, त्याआधीचा सीपी३. दुसरी २०१६ ची कमिन्स ६.७, तिचाही पंप सीपी३. दोन्ही मालकांना सांगितलंय, उद्या सकाळी मी येईपर्यंत सेल्फ मारू नका.

फिटरचा_पोरगा :
पोचल्यावर बोलण्याआधी बॉनेट उघडून इंजिनाला हात लावा. कोमट लागलं तर थंड इंजिनात दिसणारा दोष लपवायला मालकाने ते आधीच चालू केलं असेल, तिथूनच परत फिरा.