आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) बोटीत पाणी शिरतंय, काय करू?

काठावरचा: दोन राउंड मारले की बोट मागून बसते, झाकणाला टेप लावली तरी आत वाटीभर पाणी, काल तर बुडता बुडता वाचली

जुना_नावाडी: मागून बसते म्हणजे शाफ्टची (पंखा फिरवणाऱ्या दांड्याची) नळी बघ आधी, ग्रीस संपलं असणार. आत कोरडा टिश्यू पसरून बोट टबात दाबून धर, कुठे भिजतो ते लगेच कळतं.

फोमवाला: आणि पुढच्या टोकात फोम कोंब रे, १ लिटर फोम जवळपास १ किलो वजन तरंगत ठेवतो, बुडाली तरी तळाला जात नाही

काठावरचा: नळी कोरडी ठाक होती 😅 रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा भाग) भिजू नये म्हणून फुग्यात बांधलाय

जुना_नावाडी: लिपो बॅटरी भिजली असेल तर चार्जिंगला लावू नको हां